चौथा अंगठा

१

कुलूप शाबूत होतं, फाईलची दोरी नेहमीसारखी बांधलेली होती. यशोदा चुरीच्या फाईलमध्ये निकालाची नक्कल तेवढी नव्हती. मी फाईल तीनदा चाळली. चौथ्यांदा चाळली ती उगाच, हात थांबत नव्हते म्हणून.

शनिवार, सात फेब्रुवारी, सकाळचे दहा. माणिकपूरला रिक्षा स्टँडसमोर औषधांच्या दुकानावर आमची एक खोली आहे. ‘ओंजळ’ मोफत कायदा सल्ला केंद्र. दर शनिवारी इथे वकील मंडळी फुकट बसतात आणि ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस चालवतात. मी वकील नाही. मी विनया सामंत. एकतीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात होते. निकालाच्या शिक्कामोर्तब केलेल्या प्रती लोकांना द्यायच्या, हेच माझं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाले, विरारच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी किती बोलणार, म्हणून इथे येते. नावनोंदणी करते, अर्ज लिहिते आणि कपाट सांभाळते. निदान आजपर्यंत माझा तसा समज होता.

यशोदा निर्मळ गावची. वय बहात्तर. अकरा गुंठ्यांची वाडी, त्यात घर, विहीर, केळी आणि मोगरा. नवरा गेल्यावर धाकटा दीर नरहरी याने वाडी आपली म्हणून दावा लावला आणि जिंकला. आता वरच्या कोर्टात अपील करायचं आणि त्यासोबत ताबा थांबवायची स्थगिती मागायची, एवढाच मार्ग उरला होता. अपिलाला निकालाची नक्कल जोडावी लागते. मुदतीचा शेवटचा दिवस सोमवार. बेलीफ ताबा घ्यायला येणार बुधवारी. सोमवार हुकला तर बुधवारी यशोदा रस्त्यावर.

बाकी कागद मी टेबलावर मांडले. वकीलपत्र, अपील, स्थगितीचा अर्ज. तिन्हींवर यशोदेचा जांभळा अंगठा. खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तिच्या सासऱ्यांनी अठ्ठ्याहत्तर साली स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कागद: वाडी थोरल्याची. खालच्या कोर्टात केस चालली तेव्हा हा सापडलाच नव्हता, नंतर गादीखाली मिळाला. तो जागच्या जागी होता.

मी स्टुलावर चढून कपाटाच्या डोक्यावरही पाहिलं. तिथे नाताळपासून ॲनीची कॅरोलच्या, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या, वह्यांची कापडी पिशवी पडून असायची. आज पिशवीच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. नेली वाटतं एकदाची घरी, असं मनात म्हणून मी खाली उतरले.

कपाटाच्या चाव्या चौघांकडे. त्यातली एक माझ्या पर्समध्ये. म्हणजे चोर बाहेरून आलेला नव्हता, आणि उरलेले तिघे जिना चढत होते.

२

पुढे ॲड. ॲनी तुस्कानो. ‘ओंजळ’ तिनेच सुरू केलं, सोळा वर्षांपूर्वी, एका खुर्चीवर. आज तिच्याकडे त्रेसष्ट मोफत केसेस आहेत. दारात आलेल्या कुणालाही तिच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. त्याच संध्याकाळी तिचा मोठा सत्कार होता, पाहुणे मुंबईहून येणार होते. माझी ती वीस वर्षांची मैत्रीण. नवरा गेला तेव्हा महिनाभर तिच्या घरून डबा आला होता. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मला किती जड गेलं ते कळेल.

मागे ॲड. संग्राम निंबाळकर. साताऱ्याकडचा, आवाज मोठा, बूट त्याहून मोठे. फीची वकिली बिल्डरांची करतो आणि शनिवारी गरिबांची. सगळ्यात शेवटी भावेश राऊत, आमचा टायपिस्ट. तोही काही घेत नाही. निर्मळचाच. आणि नरहरी चुरी त्याचा सख्खा मामा.

मी सांगितल्यावर ॲनी खुर्चीत बसली.

“संपलं,” ती म्हणाली. “सोमवारी काय दाखल करू मी?”

“झेरॉक्स लाव ना,” संग्राम म्हणाला. “कोर्टाची परवानगी माग. नवी नक्कल आठवड्यात देतो म्हणायचं. रोज होतं हे.”

“झेरॉक्स काढली नव्हती.”

“काय सांगतेस? तू?”

“त्रेसष्ट फाइली आहेत, संग्राम! राहिली काढायची.” ॲनीचा आवाज चढला. मग तिने भावेशकडे पाहिलं. “काल संध्याकाळी कपाट कुणी उघडलं होतं?”

भावेशचा चेहरा पडला. “मी. कागद ठेवायला आलो होतो.”

“एकटाच?”

“एकटाच, मॅडम.”

“विनया, पोलिसांत तक्रार द्यायची. चोरीची. आजच.” तिने मोबाईल काढून पोलीस चौकीला फोनही लावला. साहेब एक वाजता माणूस पाठवतो म्हणाले. भावेश भिंतीला टेकून उभा राहिला आणि चष्मा पुसत राहिला. काच स्वच्छ होती तरी पुसतच होता.

“एक वाजायला अडीच तास आहेत,” मी म्हटलं. “कपाट माझ्या ताब्यात होतं. तोपर्यंत मला विचारू दे.”

“विचार,” ॲनी म्हणाली. पण माझ्याकडे न बघता.

३

संग्रामला मी जिन्यात गाठलं. तिथे तो फोनवर कुणाला तरी “प्लॉटचं नंतर बोलू” असं सांगत होता.

“निर्मळचा प्लॉट का?” मी विचारलं.

“ताई, तुम्ही पण!” तो भडकला. “हो, माझ्या एका पार्टीला निर्मळला जागा हवीय. म्हणून मी म्हातारीची नक्कल पळवीन? मला पळवायचं असतं तर तो सासऱ्याचा कागद पळवला असता. केस त्याच्यावर उभी आहे. नक्कल काय, अर्ज टाकला की पुन्हा मिळते. तुम्हीच आयुष्यभर दिल्यात.”

तो दणदण खाली उतरून गेला. मला राग आला, पण त्याच्यावर नव्हे. एकतीस वर्षं त्या विभागात घालवून ही साधी गोष्ट मला त्याच्या तोंडून ऐकावी लागली.

भावेश टाईप करायच्या टेबलाशी बसला होता. समोर कोरा कागद. ॲनीने त्याला चोरीची तक्रार टाईप करायला सांगितली होती. ज्याच्यावर संशय त्यालाच तक्रार टाईप करायला लावायची, हे मला अजिबात आवडलं नाही.

“काल फाईल पाहिलीस?”

“दोरी बांधलेली होती. आत नाही बघितलं.” मग हळूच म्हणाला, “विनयाताई, मामा माझा आहे, पण यशोदामामीच्याच वाडीत मी वाढलो. शाळेतून आलो की तीच जेवायला वाढायची. मामाने मला दहादा विचारलं, अपिलात काय आहे सांग. नाही सांगितलं. आता घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. आणि इथे...”

तो पुन्हा चष्मा पुसू लागला. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“मामाला सासऱ्यांचा कागद सापडलाय हे माहीत आहे?”

“गावात सगळ्यांना माहीत आहे.”

म्हणजे नरहरीसाठी चोरी झाली असती तर तो कागद आधी गेला असता. तो पुन्हा मिळणार नाही, एकदा गेला की गेला. चोराने तो ठेवला आणि आठवड्यात परत मिळणारी वस्तू नेली. असं कोण करेल? ज्याला केस बुडवायची नाही, पण ती नक्कल कुणाच्या डोळ्यासमोर येऊ द्यायची नाही, असाच माणूस.

मग त्या नकलेत डोळ्यासमोर येऊ नये असं काय होतं?

मी विचार करत होते तेवढ्यात दारातून मोगऱ्याचा वास आला. यशोदा आली होती, आणि तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

४

ती दर शनिवारी गजरे आणते. आम्ही काही घ्यायचं नाही असा केंद्राचा नियम आहे. ती ते ख्रिस्ताच्या आणि गणपतीच्या तसबिरीला घालते, आणि उरलेला एक मुद्दाम माझ्या टेबलावर विसरते.

मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि नक्कल सापडत नाही एवढंच सांगितलं. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“बाय, बुधवारी बेलीफ येईल ना? मग मी मोगऱ्याला पाणी देऊ की नको? कळ्या धरल्यात.”

मी तिचा गजरा हातात घेतला, आणि पांढऱ्या कळ्यांवर दोन जांभळे डाग दिसले.

“हे काय?”

“ती मेली शाई. गुरुवारची. राखेने घासलं, लिंबू चोळलं, जात नाही. कालचे गजरे पण बाजारात परत दिले लोकांनी.” तिने अंगठा दाखवला. नखाच्या कडेला जांभळी रेघ होती. “वकीलबाई गुरुवारी घरी आल्या होत्या. लई कागद होते. चार अंगठे घेतले.”

“तीन,” मी सहज म्हटलं.

“चार, बाय. मला वाचता येत नाही, मोजता येतं. शंभर कळ्यांचा गजरा रोज करते मी. तीन झाल्यावर बाईंनी पॅड मिटलं. मग परत उघडलं. चौथा घेताना त्यांचा हात थरथरत होता. मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाल्या, स्कूटरवरून आले ना, म्हणून.”

आत टेबलावर तीन जांभळे अंगठे होते. मी स्वतः मांडले होते.

चौथा कुठे होता?

५

मी पुन्हा खोलीत शिरले नाही. तशीच जिन्यात उभी राहिले. सव्वाबारा वाजत आले होते.

अपील मुदतीत असेल तर तीन कागद पुरतात. वकीलपत्र, अपील, स्थगिती. चौथा कागद एकाच वेळी लागतो: मुदत टळून गेलेली असेल तेव्हा. विलंब माफ करा, असा अर्ज. त्यावर पक्षकाराने शपथेवर कारण द्यावं लागतं.

पण मुदत तर सोमवारी संपत होती. ॲनीच मागच्या आठवड्यात म्हणाली होती: निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज केला, नऊ जानेवारीला नक्कल तयार होऊन मिळाली, फाईलला लावली, तीस दिवस मोजले तर रविवार येतो, म्हणून सोमवार. मी मान डोलावली होती. आणि मी, विनया सामंत, जिने हजारो नकलांच्या पाठीवर तो शिक्का मारला, मी ती नक्कल मागून घेऊन उलटी करून पाहिलीसुद्धा नव्हती!

प्रत्येक नकलेच्या शेवटच्या पानामागे शिक्का असतो. त्यात तीन तारखा. अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, हातात कधी दिली. अपिलाची मुदत कोर्ट त्या तारखांवरून मोजतं. वकिलाच्या तोंडावरून नाही.

पहिला शनिवार, कोर्ट चालू होतं. मी नक्कल विभागात रुचिताला फोन लावला. तिला काम मीच शिकवलं आहे.

“रुचिता, चुरी विरुद्ध चुरी, निर्मळ. प्रतिवादीला नक्कल कधी दिली, रजिस्टर बघून सांग.”

पानं उलटल्याचा आवाज आला. मी मनातल्या मनात म्हणत होते, नऊ जानेवारी म्हण. बाई, नऊ जानेवारी म्हण.

“मॅडम, एकोणीस डिसेंबरला तयार, त्याच दिवशी दिली. सही तुस्कानो मॅडमची.”

एकोणीस डिसेंबर. म्हणजे मुदत एकोणीस जानेवारीलाच संपली होती. नाताळच्या धावपळीत ॲनीने नक्कल घेतली आणि जी पिशवी हातात होती तिच्यात टाकली असणार. कॅरोलच्या वह्यांमध्ये. ती पिशवी महिनाभर आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर, कपाटावर पडून होती, आणि आज नेमकी तीच गेली होती.

खाली रिक्षा स्टँडजवळ पोलिसांची मोटरसायकल थांबली. साडेबारालाच आले होते.

६

“त्यांना पाच मिनिटं खाली बसव,” मी संग्रामला सांगितलं. मग यशोदेला आत घेतलं, भावेशला उठू दिलं नाही, आणि दार लावलं.

“ॲनी, कॅरोलची पिशवी कुठे आहे?”

तिने माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत तिचा चेहरा मी इतका म्हातारा झालेला पाहिला नव्हता. स्वतःच्या खुर्चीमागून तिने पिशवी काढली. वह्या, चांदीच्या कागदाचा तारा, त्यांच्यामध्ये नक्कल. आणि घडी घातलेला एक कागद, चौथ्या अंगठ्याचा. मी उघडून वाचला. ‘निकालाची नक्कल केंद्राच्या कपाटातून चोरीस गेल्यामुळे अपिलास विलंब झाला.’

“गुरुवारी टाईप केलास,” मी म्हटलं. “चोरी कळली आज.”

“मागच्या आठवड्यात पिशवी उघडली तेव्हा सापडली,” ती म्हणाली. “मी सुन्न झाले, विनया. काय सांगणार होते? वकील विसरली म्हणून? उद्या कोण येईल या जिन्यावर? चोरी म्हटलं की कोर्ट ऐकतं. सोमवारी तो अर्ज लावून मी स्थगिती आणणारच होते. तिचं घर मी जाऊ देणार नव्हते, शपथ.”

“आणि भावेश?”

“त्याच्यावर काही सिद्ध झालं नसतं.”

“सिद्ध झालं नसतं!” मी ओरडलेच. “ॲनी, जरा वकिलासारखा विचार कर. मुदत संपली जानेवारीत, आणि चोरी दाखवतेस फेब्रुवारीत? नरहरीचा वकील एका दिवसात रजिस्टर काढेल. मग अपील जाईल, वाडी जाईल, आणि खोट्या शपथेवर अंगठा कुणाचा आहे? तिचा! तुला वाचता येतं, तिला येत नाही.”

ॲनी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. संग्राम दारात कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

“एक वाट आहे, ॲनी. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला देऊ नये, हे कोर्टं मानतात. पण वकिलाने ते स्वतः शपथेवर लिहून दिलं पाहिजे. सही तुझी.”

“म्हणजे सगळ्या वकील मंडळींना कळेल.”

“कळेल.”

यशोदा एवढा वेळ खुर्चीच्या टोकाला बसून होती. तिला सगळं कळलं होतं का, मला शंका होती. ती उठली, ॲनीजवळ गेली.

“सण होता. सणात माणूस विसरतं. मी पण एकदा चूल पेटती ठेवून देवळात गेले होते.” मग तिने भावेशकडे बोट केलं. “पण त्याने काय केलं होतं, बाई? आधी त्याच्या तोंडाकडं बघून बोला. मग माझं काय ते बघू.”

ॲनी उठली, टाईप करायच्या टेबलापर्यंत गेली. चार पावलांचं अंतर. तिथे उभी राहून म्हणाली, “भावेश, चोरी झालीच नाही. मी खोटं बोलले आणि तुझ्यावर येऊ दिलं. मला माफ कर म्हणायचीही लाज वाटते.”

भावेशने चष्मा घातला. मशीनवरचा तक्रारीचा कागद काढून त्याचे दोन तुकडे केले, नवा कागद लावला. “सांगा मॅडम. काय टाईप करू?”

संग्राम खाली जाऊन पोलिसांना चहा पाजून, कागद सापडला म्हणून सांगून आला. चौथ्या अंगठ्याचा कागद यशोदेने स्वतःच्या हाताने फाडला.

७

ॲनी सत्काराला गेली नाही. तब्येत बरी नाही, असा निरोपही तिने पाठवू दिला नाही. येत नाही, एवढंच कळवलं.

सोमवारी कोर्टात मी मागच्या बाकावर होते. नरहरी पुढच्या बाकावर, एकटाच. न्यायाधीशांनी ॲनीचं शपथपत्र दोनदा वाचलं.

“मॅडम, हे लिहून दिल्याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?”

“आहेत. चूक माझी आहे, त्यांची नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांनी केलं.”

कोर्टात कुजबुज झाली. मला माझ्या मैत्रिणीचा एकाच वेळी राग येत होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही मी लपवले नाहीत. नाक पुसायला रुमाल काढला तर शेजारच्या वकिलाने वळून पाहिलं.

विलंब माफीच्या अर्जावर नरहरीला नोटीस निघाली, आणि पुढच्या तारखेपर्यंत ताब्याला स्थगिती मिळाली. बुधवारी बेलीफ आला नाही. केस अजून बाकी आहे, पण यशोदा घरात आहे.

पुढच्या शनिवारी ॲनीने स्वतःच्या बावीस फाइली संग्रामच्या टेबलावर ठेवल्या. तो बडबडला, पण घेतल्या. मी कपाटावर एक वही टांगली: नक्कल आली की आधी पाठ वाचायची, तीन तारखा उतरवायच्या, मग फाईल. पहिली सही माझी.

दुपारी एक बाई आली, नवऱ्याने घराबाहेर काढलेली. ॲनीने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमची केस मी नाही घेणार. माझ्याकडे जागा नाही. पण हे निंबाळकर वकील चांगले आहेत, ते घेतील.” हे बोलताना तिचे कान लाल झाले होते.

यशोदा चार वाजता आली. तसबिरींना गजरे घातले. मग माझ्या टेबलावर विसरायचा तो गजरा तिने ॲनीसमोर ठेवला.

“काही घ्यायचं नाही असा नियम आहे, मावशी,” ॲनी म्हणाली.

“घ्या. डाग नाही त्याच्यावर.” यशोदेने अंगठा पुढे केला. शाई गेली होती. “पुन्हा कागद आणाल तेव्हा आधी मोठ्याने वाचून दाखवा. मग चार काय, चाळीस अंगठे देते.”

ॲनीने गजरा उचलला. मी नियमाबद्दल काही बोलले नाही.